गाडीवरची नाव

'कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. दिवस फिरतात, आज तू माझ्या डोक्यावर तर उद्या मी तुझ्या, असा तिचा सरळ अर्थ. पण म्हणीतलं चित्र जरा खरंखुरं धरून बघा. नाव गाडीवर चढवून रस्त्याने चालली आहे. आणि वाटेत गाडीचाच आस मोडला. आता काय? नदी पुढे आहे, पूर आलेला आहे, आणि ज्या होडीच्या भरवशावर निघालो ती खड्ड्यात आडवी पडलेली. तिच्या जागी दुसरी कुठून आणायची?

प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाही. इतिहासात तो बऱ्याच जणांना पडलाय, आणि त्याचं एक उत्तर कोल्हापूरच्या कसबा बावड्याच्या परिसरात उसाच्या रसाचा वास घेत पडलेलं असायचं. तिथे पोचायला थोडा फेरा मारावा लागेल. चालेल ना?

सुरुवात १८०३ पासून करू. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पुढच्या वसंतात आर्थर वेलस्ली (हाच पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन) म्हैसूरकडून फौज घेऊन मिरजेच्या बाजूने पुण्याला आला. बाजीराव पुन्हा गादीवर बसला. आता शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी लढाई होणार हे दिसत होतं, आणि तोंडावर पावसाळा होता.

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की पावसाळ्यात मोहिमा बंद, दसऱ्याला सीमोल्लंघन. वेलस्लीने हे गणित उलटं मांडलं. त्याचं म्हणणं असं, की मराठ्यांची ताकद म्हणजे घोडदळाचा वेग. नद्या भरल्या की घोडदळ अडकतं. अशा वेळी ज्याच्याकडे नदी ओलांडायची सोय आहे त्याचाच वेग टिकतो. म्हणजे पावसाळा शत्रू नाही, मित्र आहे. अट एकच, होड्या हव्यात.

त्यासाठी त्याने मुंबई सरकारकडे पाँटून मागितले. पाँटून म्हणजे सपाट तळाच्या होड्या. त्या गाड्यांवर लादून फौजेबरोबर न्यायच्या, नदीत शेजारी शेजारी लावायच्या, वर फळ्या टाकायच्या की पूल तयार. युरोपात हे तंत्र रुळलेलं होतं. कागदावर एकदम झकास. पण मुंबई ते घाटमाथा हा रस्ता कागदावर नव्हता. गाडे कच्चे निघाले, पाऊस लागला, आणि तो सगळा ताफा कामाच्या वेळेला वेलस्लीपर्यंत पोचलाच नाही. होड्यांमध्ये फारसा दोष नव्हता. मोडलं ते त्यांच्याखालचं चाक.

इथे वेलस्लीने जे केलं ते मला फार आवडतं. दुसरे पाँटून येईपर्यंत तो थांबला नाही. त्याने टोपल्या विणून घेतल्या!

हंपीला गेला असाल तर तुंगभद्रेत गरगर फिरणारी गोल होडी बघितली असेल. बांबूची किंवा वेताची मोठी टोपली, बाहेरून चामडं मढवलेलं (आता चामड्याच्या जागी डांबर लावलेलं प्लॅस्टिक असतं). दोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज १५२० च्या सुमारास विजयनगरला आला होता. त्याने या होड्यांचं वर्णन करून ठेवलंय: आत वेत, बाहेर चामडं, पंधरा-वीस माणसं मावतात, वेळ पडली तर घोडे-बैलसुद्धा, आणि वल्हवताना सरळ जातच नाहीत, सारख्या फिरत राहतात. म्हणजे वेलस्ली येण्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीपासून दख्खनच्या नद्यांना ही टोपली माहीत होती. त्याने ती म्हैसूरच्या मोहिमांत पाहिली होती आणि तिचं मापही ठरवून टाकलं होतं: व्यास साधारण १० फूट, उंची सव्वादोन फूट, वर दुहेरी चामडं.

१२ ऑगस्ट १८०३ ला अहमदनगरचा किल्ला पडला आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याची फौज अशा टोपल्यांमधून भरलेली गोदावरी ओलांडून गेली. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्याचा निकाल आपल्याला माहीत आहे आणि तो आपल्याला सुखावणारा नाही. पण धडा घ्यायला हरकत नाही. आपल्याच नद्यांवरची आपलीच टोपली परक्याने वापरली, कारण त्याने नदी ओलांडण्याचा विचार नदीपाशी पोचण्याआधी केला होता.

आता पुढच्या दोनच वर्षांत, जगाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते बघा. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क हे दोघे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा रस्ता शोधत मिसूरी नदीतून वर चालले होते. जून १८०५ मध्ये ते ग्रेट फॉल्स या धबधब्यांपाशी अडले. आता होड्या उचलून जमिनीवरून २९ किलोमीटर न्यायच्या होत्या. मोठ्या दोन होड्या त्यांनी मागेच लपवून ठेवल्या. बाकीच्यांसाठी जागेवर गाडे बनवले. कॉटनवूडच्या जाड खोडाच्या चकत्या कापून चाकं केली, मोठ्या होडीची डोलकाठी कापून आस केले. आस मोडले. मग विलोच्या लाकडाचे नवे बसवले. ओढायच्या दांड्या मोडल्या. त्या परत केल्या. असं करत करत आठवडा-दीड आठवडा गेला.

मागे सोडलेल्या मोठ्या होडीच्या जागी काय वापरायचं याची योजना लुईसकडे आधीपासून तयार होती. त्याने ३६ फूट लांबीचा, सुटा करता येणारा लोखंडी सांगाडा मुद्दाम घडवून घेतला होता. नदीवर पोचलं की जोडायचा, वर कातडी शिवायची, झाली होडी. आयटीतली मंडळी ओळखतीलच हा प्रकार: घरून अगदी चकाचक डिझाईन करून नेलेलं, फक्त प्रत्यक्ष जागेवर कधी चालवून न बघितलेलं! शिवणीची भोकं बुजवायला पाइनची राळ लागते, आणि त्या भागात पाइनच नव्हते. चरबी, मेण आणि कोळशाचं मिश्रण लावलं. ९ जुलैला होडी पाण्यात उतरवली, झकास तरंगली, आणि त्याच दिवशी लेप सुटून गळायला लागली. सांगाडा पुरून टाकला. मग क्लार्कने माणसं घेऊन मोठी झाडं शोधली आणि चार-पाच दिवसांत ओंडके कोरून दोन होड्या उभ्या केल्या. १५ जुलैला सगळे पुढे निघाले.

त्याच मोहिमेतली आणखी एक गोष्ट. परतीच्या वाटेवर, १८०६ मध्ये, सार्जंट प्रायर आणि त्याच्या तीन साथीदारांचे घोडे चोरीला गेले. जवळ यलोस्टोन नदी. त्यांनी गव्याच्या कातड्याच्या, मँडन लोक करतात तशा गोल होड्या बनवल्या. व्यास सात फुटांहून थोडा जास्त, खोली १६ इंच. एक पुरली असती, पण त्यांनी दोन केल्या. एकीला अपघात झाला तर बंदुका आणि दारूगोळा सगळाच जाऊ नये म्हणून. सर्व्हर दोन ठेवावेत हे सांगायला आम्हाला हल्ली कन्सल्टंट लागतात.

गोदावरी आणि यलोस्टोन. एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं, आणि होडी तीच: गोल, उथळ, सपाट तळाची. असं का? कारण लांबट होडी बनवायला सुतार लागतो, वेळ लागतो. गोल होडी टोपली विणणाऱ्याला किंवा कातडी कमावणाऱ्याला येते. नाव गेली की तिच्या जागी येते ती सहसा चांगली नाव नसते. काठावरच्या माणसाच्या हाताला जे आधीच येत असतं, ते येतं.

आणि आता कसबा बावडा. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा इथला. पुराच्या दिवसांत सगळं कोल्हापूर ज्या आकड्यावर डोळे लावून बसतं तो इथलाच: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. म्हणजे पुण्याकडून ट्रकवर होड्या लादून आणायच्या म्हटल्या तरी शेवटचा टप्पाच बंद. वेलस्लीचे गाडे चिखलात फसले होते. आपल्याकडे चौपदरी रस्ता होता, आणि तोही ऐन वेळेला नदीत होता. मग एनडीआरएफ आणि नौदलाची काही पथकं विमानाने आली. त्यांच्या रबरी होड्या घडी घालून नेता येतात, म्हणजे लुईसला जे जमलं नाही ते दोनशे वर्षांनी जमलं.

पण पथकं येईपर्यंत? या भागात त्याचं जुनं उत्तर आहे काहिल. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो: गुऱ्हाळात उसाचा रस ज्या भल्यामोठ्या पसरट लोखंडी कढईत आटवतात ती काहिल. साधारण आठ-नऊ फूट व्यास, दीड फुटाच्या आसपास खोली. प्रायरची होडी आणि वेलस्लीची टोपली यांच्या बरोबर मधलं माप! पंचगंगेच्या पूरपट्ट्यातल्या गावांनी पुरात काहिल पाण्यात ढकलायची आणि बांबूने रेटत माणसं, वैरण, दूध इकडून तिकडे न्यायचं, हे वर्षानुवर्षं केलंय. पुराचे दिवस म्हणजे गुऱ्हाळं बंद असण्याचेच दिवस, त्यामुळे काहिल रिकामीच असते. आणि तिला गाडीवर चढवून लांबून आणायची गरज नाही. ती गावातच असते.

इथे भावूक होऊन 'आपले पूर्वज किती हुशार' म्हणून लेख संपवता येईल. पण तसं करायला नको, कारण दुसरी बाजू फार जड आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे, पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली. तिच्यात तिला झेपतील त्यापेक्षा जास्त लोक होते. १७ जणांचा जीव गेला. बाहेरची मदत पोचेपर्यंत हाताशी जी होडी होती तिच्यात बसलेली ही माणसं. दुसरी फेरी होईल याची खात्री नसेल तर मागे थांबायला कोण तयार होईल? त्यांना बेशिस्त म्हणणं सोपं आहे. त्यांच्या जागी आपणही चढलोच असतो.

म्हणून जरा हिशेब करू. ढोबळच आहे, पण डोळे उघडणारा आहे. ९ फूट व्यासाची, १८ इंच खोल काहिल घ्या, बाजू सरळ धरा. ती एक इंच पाण्यात बुडायला सुमारे १५० किलो वजन लागतं, म्हणजे दोन-अडीच माणसं. काहिलीचं स्वतःचं वजन ३०० किलो धरलं तर दोन इंच तिथेच गेले. सहा माणसं बसवली की आणखी अडीच इंच. एकूण पाच इंचसुद्धा नाही. वर तेरा इंच कड शिल्लक. वाटतं, अजून दहा जण सहज बसतील की!

पण हे सहा जण मध्यभागी नीट बसलेत तोपर्यंतच. घाबरून सगळे एका कडेला सरकले, तर माझ्या हिशेबाने ती कड दहाएक इंच खाली जाते. उभे असतील तर आणखी. म्हणजे सहा माणसांतच पाणी आत यायला दोन-तीन इंच उरतात. वर प्रवाह आहे, झाडं आहेत, तारा आहेत. आणि काहिल लोखंडाची. टोपली भरली तरी बांबू तरंगतो, धरायला काहीतरी राहतं. काहिल भरली की सरळ तळाला.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मालक लोक जहाजं ठासून भरायचे आणि खलाशी बुडायचे. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवलं. १८७६ चा कायदा झाला आणि जहाजाच्या अंगावर भाररेषा आली. पाणी या रेषेपर्यंत आलं की बस्स, आणखी माल नाही. जगातल्या प्रत्येक मालवाहू जहाजावर आज ती रेषा आहे. खर्च किती? एक डबा रंग. कोण म्हणालं "अजून दोघं बसू दे", तर नाही म्हणायचं काम माणसाऐवजी रेषा करते. पुराच्या काठावर, ओळखीच्या चेहऱ्यांना नाही म्हणणं सगळ्यात अवघड असतं.

२०१९ नंतर पावसाळ्याच्या तोंडावरच एनडीआरएफचं पथक कोल्हापुरात आणून ठेवायला लागले, हे उत्तम झालं. नाव आधीच काठावर आली, गाडी मोडायचा प्रश्न मिटला. पण पथक एक आणि गावं अनेक. दुसरीकडे गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्यांकडे जातो (बावड्यातच राजाराम कारखाना आहे), गुऱ्हाळाला माणूस मिळत नाही. एक गुऱ्हाळ बंद पडतं तेव्हा भंगारात एक काहिल जाते, आणि गावाच्या आपत्ती आराखड्यातून एक होडी वजा होते. ती त्या आराखड्यात कधी लिहिलेलीच नव्हती, म्हणून ती गेल्याचीही नोंद होत नाही.

म्हणजे करायचं काय? ज्या गावाच्या वेशीपर्यंत पाणी येतं, त्या गावाने मे महिन्यात तीन गोष्टी मोजाव्यात: तरंगणाऱ्या वस्तू किती, त्या चालवता येणारी माणसं किती, आणि प्रत्येक वस्तूत किती जण बसणार. तिसरा आकडा वहीत नको, होडीच्या अंगावर हवा. लाल रंगात, लांबून वाचता येईल एवढा. शेजारी भाररेषा.

वेलस्लीच्या टोपल्यांची मापं पूर यायच्या आधी ठरलेली होती. आपल्याकडे टोपलीही होती, काहिलही आहे. रेषा तेवढी ओढायची राहिली आहे.