चीप टॉक म्हणजे काय? बिल्डरच्या जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा?

परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेत आणि त्यांच्या जाहिराती तुमच्या फोनवर येत असतात: ‘प्राइम लोकेशन’, ‘ताबा लवकरच’. काम नेमकं कुठवर आलंय हे बिल्डरला माहीत असतं, तुम्हाला नाही. त्याला फ्लॅट विकायचाय, तुम्हाला घरच्यांची आयुष्यभराची बचत सांभाळायचीय. मग त्याचं कितपत ऐकायचं?

चीप टॉक म्हणजे काय?

जे बोलायला खर्च येत नाही, जे बोलणाऱ्याला बांधून ठेवत नाही आणि जे ऐकणाऱ्याला तपासता येत नाही, अशा बोलण्याला गेम थिअरीत ‘चीप टॉक’ म्हणतात. व्हिन्सेंट क्रॉफर्ड आणि जोएल सोबेल यांनी १९८२ मध्ये याचं गणित मांडलं. दोघांच्या हितांमध्ये जितकं अंतर जास्त, तितकी माहिती मोघम होत जाते. अंतर खूपच वाढलं, तर बोलण्यातून काहीच कळत नाही. ‘लवकरच’ हा शब्द बघा. तो कधी खोटा ठरतच नाही!

उपाय काय?

खोटं बोलणं महाग करायचं. २०१६ च्या रेरा कायद्याने हेच केलं. नोंदणी करताना बिल्डरला काम पूर्ण करण्याची मुदत प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. करारातली ताब्याची तारीख चुकली, तर ग्राहक व्याजासकट पैसे परत मागू शकतो, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घेऊ शकतो. शिवाय करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

फोनवर कसं तपासाल?

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड बंधनकारक आहे. जाहिरात फोनवरच आली असेल, तर स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने स्कॅन करा. महारेराच्या साइटवर हे बघा:

- काम पूर्ण होण्याची तारीख, आणि ती पुढे ढकललीय का
- मंजूर नकाशे
- प्रकल्पावर कोर्टात दावे आहेत का

कोडच नसेल, तर तिथेच थांबा.

एक लक्षात ठेवा: ही माहिती बिल्डरच भरतो, त्यामुळे कोड म्हणजे गॅरंटी नाही. पण तोंडी शब्द हवेत विरतो, इथलं लिहिलेलं त्याच्यावर उलटू शकतं.

सेकंडहँड फोन विकणारा ‘एकदम नवीन कंडिशन’ म्हणाला, तरी हाच प्रश्न विचारा: हे खोटं निघालं, तर याचं काय जाणार आहे?