सव्वा महिन्यात विझलेला किरण

हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील, हे वाक्य तुम्हीही कधीतरी वाचलं असेल. हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या २००७ च्या अहवालात ते होतं. त्याला भक्कम आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळानं तशी कबुलीही दिली. मग उलटी ओरड सुरू झाली, हिमालयाला काही झालेलंच नाही म्हणून! मला तेव्हा एकच प्रश्न पडायचा : अहो, पण कुणी मोजलंय का?

गंमत म्हणजे मोजमापं तोवर घेऊन झाली होती.

नासाचा ‘आइससॅट’ उपग्रह जानेवारी २००३ मध्ये सुटला, तो मुख्यतः ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकासाठी. ६०० किलोमीटरवरून तो सेकंदाला ४० वेळा लेसरचा झोत खाली सोडायचा आणि परतीच्या वेळेवरून उंची काढायची. वेळ एक अब्जांश सेकंदानं चुकली, तर उंची १५ सेंटिमीटरनं चुकणार! तीन लेसर आलटूनपालटून अखंड चालवायचे, असा बेत होता. पहिला सव्वा महिन्यातच गेला. जोडकामातल्या जास्तीच्या इंडियम धातूनं सोन्याच्या बारीक तारा खाल्ल्या होत्या. मग शास्त्रज्ञांनी काटकसर केली. रेशनचं रॉकेल पुरवून वापरावं तसं, वर्षातून दोन-तीनदा, महिनाभरच लेसर लावायचा. अशानं तो २००९ पर्यंत पुरला.

हिमालयात आणखी एक अडचण होती. झोताचा ठिपका पुन्हा नेमका त्याच जागी पडत नसे, आणि त्या उतारांवर थोडं सरकलं तरी उंची बदलते. ऑस्लो विद्यापीठाचे आंद्रेयास कॅब आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानानं रडारनं घेतलेला उंचीचा नकाशा पायाला धरला. प्रत्येक ठिपका त्याच्याशी ताडायचा आणि फरक वर्षागणिक कसा सरकतो ते पाहायचं.

उत्तर २०१२ मध्ये आलं. हिंदुकुश ते हिमालय, २००३ ते २००८ : दरवर्षी सरासरी २१ सेंटिमीटर पाण्याइतका थर कमी. क्षेत्रफळानं गुणलं, की वर्षाला सुमारे १३ अब्ज टन. काराकोरममध्ये घट अगदी थोडी. दगडमातीखाली झाकलेला बर्फ सुरक्षित असेल, असं आपल्याला वाटतं. तोही उघड्या बर्फाइतकाच खचत होता. मला याच आकड्यानं जास्त अस्वस्थ केलं.

तोवर उपग्रह मात्र उरला नव्हता. ऑगस्ट २०१० मध्येच तो बॅरेंट्स समुद्राच्या वर वातावरणात शिरून जळाला.