पद्मिनीचा अडकलेला गिअरबॉक्स

लावणी उरकली, म्हणून आज गाडीची नोंद.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तीच पुढं प्रीमियर पद्मिनी. इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना. मधला गिअरबॉक्स खालून निघतो. म्हणून ती घरीही खोलता येते.

माझी कशेळ्यात दोन पावसाळे पडून होती. मागं जाणारा शाफ्ट सोडला, सगळे बोल्ट काढले, तरी गिअरबॉक्स हलेना. गंज धरला होता. पहार घातली नि तो एकदम सुटून क्लचप्लेटवर लोंबकळला. प्लेट वाकली, हात थोडक्यात वाचला.

चूक घाईची. गाडी भक्कम स्टँडवर हवी. इंजिनाखाली ठोकळा, गिअरबॉक्सखाली जॅक द्यायचा. सांध्यात गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू द्यायचं, मग सरळ मागं, हलवत हलवत ओढायचा.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली. टॅक्स्या गेल्या, तसे सुटे भागही दुर्मिळ झाले. माझी प्लेट शोधण्यात महिना गेला.

तुमच्या पडवीत अशी गाडी असेल तर जोर नको, वेळ द्या.