तंजावरचे अंथरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण काटकसर शिकविते. परंतु मुळात अंथरूण कोणते निवडावे, हे जाणावयाचे असेल तर तंजावरचा इतिहास उपयोगी पडतो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तेथे मराठ्यांचे राज्य स्थापिले. दख्खनच्या कोरड्या थंडीत ऊब देणारी घोंगडी आणि गोधडी कावेरीच्या दमट, उष्ण खोऱ्यात जड वाटावी, हे स्वाभाविकच होय. तेथील घरांत कोरै गवताची चटई अंथरतात. योगायोग असा, की तमिळमध्ये चटईला ‘पाय्’ म्हणतात. पाणथळ नदीकाठचे हे लव्हाळे चिरून, वाळवून, सुताच्या ताण्यावर विणले जाते. ही चटई अंगाला थंड लागते, घाम धरून ठेवीत नाही आणि सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी करता येते.

त्याच काळात चोळमंडल किनाऱ्यावरून रंगीत सुती पलंगपोस युरोपात जात होते. इंग्रजीत त्या शब्दाचे ‘पॅलमपोर’ झाले. आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ साली अशा रंगीत कापडावर बंदी घातली. पुढे यंत्रावरच्या कापडाने तो व्यापारच मोडला. १८५५ साली तंजावरचे राजपदही संपुष्टात आले.

गादी गेली, चटई राहिली. पलंगपोसाला आधार होता दूरच्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा, चटईला आधार नदीचा आणि हवेचा. घरासाठी अंथरूण घेताना किमतीआधी हवा पाहावी, हेच तंजावरने शिकविले.