उरलेली पंचेचाळीस मिनिटे

अर्जेंटिनातील बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट या क्लबांचे वैर शंभर वर्षांहून जुने. २०१५च्या कोपा लिबर्तादोरेस स्पर्धेत बोका गटातले सहाही सामने जिंकून बाद फेरीत आला, सोळा संघांत पहिला. रिव्हर सोळावा. मेक्सिकोच्या तिग्रेसने आपला शेवटचा गटसामना ५-४ असा जिंकला, म्हणून तो तरला. नियमाने पहिल्याची गाठ सोळाव्याशी पडली.

पहिला सामना रिव्हरने १-० असा जिंकला. १४ मे रोजी बोकाच्या मैदानावर मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नव्हता. मध्यंतरानंतर रिव्हरचे खेळाडू बोगद्यातून परतत असताना त्यांच्यावर तिखट फवारा मारला गेला. डोळे, कातडी भाजली. सामना थांबला, तो पुन्हा झालाच नाही. दक्षिण अमेरिकी महासंघाने बोकाला बाद ठरवले. रिव्हरने पुढे त्याच तिग्रेसला अंतिम फेरीत हरवून चषक जिंकला.

एका गोलाची पिछाडी पंचेचाळीस मिनिटांत भरून निघू शकली असती. ती मिनिटे बोकाच्या खेळाडूंकडून शत्रूने नव्हे, त्यांच्याच नावाचा जयघोष करणाऱ्यांनी हिरावली. झुंडीला आपल्या माणसांचे नुकसान दिसत नाही. जमातींच्या इतिहासातही हेच वारंवार घडले आहे.