‘काढून टाकू’ हा सोपा तर्क

मांजरेकाठच्या कळंबमधून पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला शिकायला, नोकरीला गेलेली मुले-मुली चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेचा विषय आता घरात उघडपणे काढतात. हनुवटी आत दबलेली असेल तर तिथे इम्प्लांट बसवून ती पुढे आणणे हा त्यातला एक प्रकार. या चर्चेत एक मत इतके मुरले आहे की त्याला कोणी आडवे जात नाही. आई घाबरली की मोठा भाऊ समजावतो, “अगं आई, नाही आवडलं तर काढून टाकू की. त्यात काय एवढं?” शस्त्रक्रिया होऊन चेहरा मनासारखा वाटला नाही, की तेच वाक्य सल्ला होऊन परत येते: काढून टाक, नाहीतर बदलून घे. या मताचे खंडन मला आवश्यक वाटते. हनुवटीच्या बाबतीत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय पहिलीपेक्षा अवघड असतो आणि हे एक वाक्य तो अवघडपणा झाकून टाकते.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासह मांडला पाहिजे. तो असा. इम्प्लांट म्हणजे बहुधा सिलिकॉनचा घडीव तुकडा. तो हनुवटीच्या हाडापुढे एक कप्पा करून त्यात सरकवतात. त्यासाठी हाड कापावे लागत नाही, दात हलवावे लागत नाहीत. गुळगुळीत सिलिकॉनला मांस चिकटून वाढत नाही, त्यामुळे तो तुकडा खरोखरच बाहेर काढता येतो. जबडा कापून पुढे घेण्याच्या शस्त्रक्रियेपुढे हे काम लहान आहे. मग ज्याला परतीची वाट आहे त्या निर्णयाचे भय कशाला? यातले प्रत्येक विधान खरे आहे आणि मी ते मान्य करतो. मला मान्य नाही तो त्यातून काढलेला निष्कर्ष. तुकडा बाहेर काढता येतो, एवढ्यावरून चेहरा पूर्वस्थितीला येतो असे सिद्ध होत नाही. मधल्या काळात शरीर स्वस्थ बसलेले नसते.

शरीर काय करते ते पाहू. परक्या वस्तूभोवती ते तंतुमय आवरण तयार करते. तुकडा काढला तरी हे आवरण आणि रिकामा कप्पा मागे उरतो. मग हाडाचा प्रश्न येतो. इम्प्लांटच्या सततच्या दाबाने खालचे हाड झिजते, हे रॉबिन्सन आणि शूकेन यांनी १९६९ मध्येच वैद्यकीय साहित्यात नोंदवले. ही झीज बहुतेकांत थोडी असते आणि पुष्कळदा काही काळाने थांबते. तिचा बाऊ करून लोकांना घाबरवणे मला पटत नाही. पण ती कुठे वाढते हे समजून घेतले पाहिजे. हनुवटीच्या खालच्या कडेचे हाड घट्ट असते, तर दातांच्या मुळांजवळचे पातळ. तुकडा खालच्या कडेवर नीट बसला असेल तर हाड दाब सोसते. तो वर सरकलेला असेल तर झीज अधिक होते आणि क्वचित दातांच्या मुळांपर्यंत जाऊ शकते.

ॲलन मॅटारासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याला आणखी एक महत्त्वाची जोड दिली. ज्यांचे ओठ सहज मिटत नाहीत, मिटताना हनुवटीवर ताण येतो, त्यांच्यात ही झीज वाढत जाण्याची शक्यता अधिक, असे त्यांनी दाखवले. कारण उघड आहे. ओठ मिटवायला हनुवटीचा स्नायू जोर लावतो आणि तो जोर दिवसभर त्या तुकड्यावर, तुकड्यामार्फत हाडावर पडतो. म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्याने आरशात हनुवटीची लांबी मोजण्याआधी एक साधी गोष्ट तपासावी: स्वस्थ बसल्यावर ओठ आपोआप मिटतात का, आणि मिटवताना हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात का.

या स्नायूचा विचार घरच्या चर्चेत कधीच होत नाही आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. त्याला मेंटॅलिस म्हणतात. तो हाडाला धरलेला असतो आणि हनुवटीचे मांस व खालचा ओठ वर उचलून ठेवतो. इम्प्लांट बसवताना, विशेषतः तोंडाच्या आतून छेद घेतला असेल तर, हा स्नायू सोडवावा लागतो आणि नंतर काळजीपूर्वक जागेवर शिवावा लागतो. इम्प्लांटमुळे त्यावरचे मांस ताणलेले राहते. मोठा तुकडा बऱ्याच काळाने काढला की आधार जातो, ताणलेले मांस मात्र तेवढेच राहते. ते खाली उतरते. हनुवटीच्या टोकाखाली मांस लोंबते, खालचा ओठ उतरून खालचे दात जास्त दिसू लागतात, हनुवटीवर खड्डे पडतात. म्हणून जाणते शल्यविशारद नुसता तुकडा काढून टाके घालत नाहीत. ते स्नायू पुन्हा वर बांधतात, किंवा रिकाम्या जागी हाडाचाच आधार उभा करतात. शिवाय पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून वाट काढताना खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस ओळखणे कठीण होते. ‘काढून टाकू’ या दोन शब्दांत यातले काहीही नसते.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, काढण्यात धोका आहे ना, मग बदलून मोठा घालू. हे म्हणणे जास्त घातक आहे. इम्प्लांट हनुवटी पुढे आणतो. तिची उंची तो फारशी वाढवू शकत नाही, कमी तर मुळीच करू शकत नाही. हनुवटी आत दिसण्याची कारणेही निरनिराळी असतात. कुणाची फक्त हनुवटीच लहान असते. कुणाचा सगळा खालचा जबडा मागे असतो, वरचे दात पुढे आलेले असतात आणि ओठ मिटत नाहीत. दुसऱ्या प्रकारात पहिला इम्प्लांट अपुरा वाटला तर दोष त्याच्या मापात शोधून उपयोग नाही. तिथे मोठा तुकडा घातला की ओठांवरचा ताण वाढतो, ताणासोबत दाब वाढतो, आणि मॅटारासोंनी दाखवलेल्या झिजेला आपणच हात देतो.

अशा वेळी हाडाची शस्त्रक्रिया विचारात घ्यावी लागते. ओटो होफर यांनी १९४२ मध्ये हनुवटीचे हाड आडवे कापून पुढे सरकवण्याची पद्धत मांडली; १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओबवेगेझर यांनी ती तोंडाच्या आतून करून दाखवली. हाडासोबत त्याला धरलेला स्नायूही पुढे येतो, उंची कमी-जास्त करता येते आणि परकी वस्तू म्हणून उरतात त्या फक्त छोट्या पट्ट्या व स्क्रू. ही शस्त्रक्रिया मोठी आहे, ती सर्वांना लागत नाही. पण पहिल्या इम्प्लांटने असमाधान झालेल्याला हा पर्याय सांगितलाच गेला नाही, तर त्याच्यापुढे निवड ठेवली असे म्हणता येणार नाही. त्यासाठी चेहऱ्याचा बाजूने काढलेला मापाचा एक्स-रे लागतो. तो पाहायला दातांची रचना करणारे डॉक्टर आणि जबड्याचे शल्यविशारद हवेत. कळंबच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. लातूरला दंत महाविद्यालय आहे.

आता घाईबद्दल. पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख आपल्याकडे पुष्कळदा लग्नसराई पाहून ठरते, आणि दुसरीची मागणीही त्याच हिशोबाने होते. स्थळ पाहायला येणार आहे, महिन्यावर साखरपुडा आहे, तेवढ्यात नीट करून घेऊ. सूज या पंचांगाने चालत नाही. ठळक सूज काही आठवड्यांत उतरते, पण उरलेली उतरून हनुवटीचा खरा आकार दिसायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. बधिरपणा आणि हसताना ओठ ओढल्यासारखा वाटणे हेही पुष्कळदा हळूहळू कमी होते. तिसऱ्या आठवड्यात दिसणारी हनुवटी पाहून तिच्यावर निकाल देणे म्हणजे न झालेल्या गोष्टीवर निकाल देणे. त्यात मोबाइलची भर पडते. बोरिस पास्खोव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवले की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया चेहऱ्याच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. कॅमेऱ्याला जवळ असलेले मोठे होते आणि मागे असलेले लहान, त्यामुळे नाकासमोर हनुवटी पुन्हा कमी पडल्यासारखी वाटते. शस्त्रक्रियेचा निकाल अशा फोटोवरून ठरवू नये. पाच-सहा फुटांवरून, त्याच प्रकाशात, शस्त्रक्रियेआधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहावे.

थांबण्याचा हा आग्रह आधुनिक डॉक्टरांची पळवाट आहे, असे कुणी म्हणेल. तसे नाही, ही जुनी शिस्त आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नाक नव्याने घडवण्याचा विधी आहे. सांधा जुळून, जखम भरून आल्यावर पुढे काय करावे तेही तिथेच सांगितले आहे: जोडलेल्या मांसाचा उरलेला भाग कापावा, नाक लहान राहिले तर वाढवण्याचा प्रयत्न करावा, मांस अधिक वाढले असेल तर सारखे करावे. म्हणजे दुरुस्तीचा विचार मूळ विधीतच आहे, पण त्याची वेळ ठरलेली आहे, आणि ती भरून आल्यानंतरची आहे.

आपल्याच मुलखातले उदाहरण हवे असेल तर पुण्याचे घ्या. इंग्रज फौजेच्या कामावरचा बैलगाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकिगत छापली आणि तिच्यामुळेच पुढे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. त्या हकिगतीत पुण्याची रीत दिली आहे. सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाशी जोडलेला कातडीचा दुवा कापायचा आणि त्या वेळी रूप सुधारण्यासाठी थोडी आणखी शस्त्रक्रिया करायची. या कारागिराकडे पदवी नव्हती. दुसरा हात कधी लावायचा हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते.

इथे चाणाक्ष प्रतिपक्षी एक खरा आक्षेप घेईल: नाकाचे मांस स्वतःचे आणि जिवंत, सिलिकॉन परका, दोन्हींची तुलना कशी? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूला झुकतो. स्वतःच्या जिवंत मांसावर दुसरा हात लावायलाही ज्यांनी भरून येण्याची वाट पाहिली, त्यांची शिस्त परक्या वस्तूभोवती झालेल्या व्रणात शिरताना अधिक लागू पडते.

मग पुन्हा शस्त्रक्रिया करूच नये का? माझे म्हणणे तसे नाही, आणि काही प्रसंगी थांबणे हीच चूक ठरते. लाली, वाढती वेदना, ताप किंवा पू असेल, छेदातून तुकडा डोकावू लागला असेल, तो एका बाजूला सरकल्याचे हाताला स्पष्ट लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. संसर्ग आटोक्यात येत नसेल तर इम्प्लांट काढावाच लागतो, तिथे सौंदर्याचा विचार मागाहून. सूज पूर्ण उतरल्यावरही वाकडेपणा उरला, माप खरोखर चुकले, किंवा एक्स-रेमध्ये झीज वाढत असल्याचे दिसले, तर दुरुस्ती योग्यच आहे. ती करून घेणाऱ्याला ‘देवानं दिलेल्या चेहऱ्याशी खेळलास, आता भोग’ असे सुनावणारे वडीलधारे मला त्या बेफिकीर भावाइतकेच चुकीचे वाटतात. असमाधान म्हणजे मनाचा खेळ, हेही सरसकट खरे नाही. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा आजार आहे. त्यात इतरांना न दिसणारा किंवा नगण्य असलेला दोष माणसाचे तासन्‌तास खातो आणि शस्त्रक्रियेने त्याचे समाधान सहसा होत नाही. दोष एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत लागते. पण ज्याची हनुवटी खरोखर तिरपी बसली आहे त्याला मनोरुग्ण ठरवणे हा अन्याय आहे. दोघांतला फरक नीट तपासल्यावरच कळतो, आणि तपासणारा तिऱ्हाईत असावा. दुसरी शस्त्रक्रिया करून ज्याला फी मिळणार, त्याचे एकट्याचे मत पुरेसे धरू नये.

कळंबसारख्या गावाची अडचण वेगळीच आहे. शस्त्रक्रिया शहरात होते, टाक्यांसाठी एकदा जाणे होते, पुढची तपासणी फोनवर उरकते. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर, आत काय बसवले आहे, या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर घरात कुणाकडे नसते. या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. गुळगुळीत सिलिकॉन सहज सुटतो. मेडपोरसारख्या सच्छिद्र पॉलिथिलीनमध्ये मांस शिरून वाढलेले असते आणि तो सोडवताना आसपासचे मांस दुखावते. माप कोणते, छेद तोंडातून की हनुवटीखालून, स्क्रू लावला का, हे सगळे शस्त्रक्रियेच्या नोंदीत असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक केलेले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार करायची नसली तरी कागद मागून घ्यावेत. इम्प्लांटच्या पाकिटावरचे लेबलही फाइलमध्ये चिकटवून घ्यावे, आणि हे सगळे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घरी निघतानाच करावे, कारण असमाधान दिसायला लागल्यावर दोन्ही बाजूंचा सूर बदललेला असतो.