सुलतान खानचा राजा

या विकांताला जरा बुद्धिबळ!

इंग्लंडमधली १९३०-३१ची हेस्टिंग्ज स्पर्धा. काळे मोहरे कापाब्लांकाकडे. हा क्यूबाचा माजी जगज्जेता १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं स्पर्धेतला एकही डाव हरला नव्हता. पांढरे मोहरे पंजाबच्या मीर सुलतान खानकडे. सर उमर हयात खान या बड्या जमीनदारानं त्याला १९२९ साली इंग्लंडला नेलं होतं. त्याच उन्हाळ्यात पठ्ठ्या ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, पण आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळायला लागून त्याला जेमतेम काही वर्षं झाली होती.

तो वाढला देशी बुद्धिबळावर. त्यात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजा एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो. साहजिकच तिथे डाव सावकाश रंगतो, आणि ओपनिंगची पाठांतरं इथे कामाची नाहीत. म्हणजे कागदावर सामना अगदीच विषम.

आता डाव बघा. पाचव्या खेळीला सुलतान खान कडेचं प्यादं शांतपणे एक घर सरकवतो. (हीच कल्पना पुढे पेट्रोस्यान आणि कास्पारोव्हनं गाजवली.) किल्लेकोट तो करतच नाही! एकविसाव्या खेळीला कापाब्लांका हत्ती आत घुसवून शह देतो. राजा एक घर वर सरकतो. मग दोन हत्तींच्या बदल्यात वजीर अशी मारामारी होते. वजीर उरला कापाब्लांकाकडे, पण मधली प्यादी एकमेकांत अडकलेली, वजिराला फिरायला रस्ताच नाही. हत्तींना मात्र मोकळी पट्टी मिळाली. पुढे कुठलाही चमत्कार नाही, नुसतं आवळत नेणं. ६५व्या खेळीनंतर कापाब्लांकानं डाव सोडला.

हा डाव 'अडाणी नोकरानं जगज्जेत्याला हरवलं' असा सांगायची पद्धत आहे. त्याच्या घरच्यांनी या चित्रावर आक्षेप घेतलाय, आणि मला तो पटतो. डावात नशीब कुठेच दिसत नाही, दिसते ती समज. शिवाय तो १९३२ आणि १९३३ साली पुन्हा ब्रिटिश विजेता झाला. हे काय योगायोगानं होतं?

१९३३च्या अखेरीस तो मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून कायमचा बाहेर पडला. १९६६ साली पाकिस्तानात वारला. फिडेनं मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, म्हणजे मृत्यूनंतर ५८ वर्षांनी!

असो. पट काढा आणि डाव एकदा स्वतः मांडून बघा. बाविसाव्या खेळीला जरा थांबा. मधल्या पट्टीवर निवांत उभा असलेला तो राजा बघण्यासारखा आहे.